पोटगी: एकरकमी की दरमहा?
हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 नुसार घटस्फोटानंतरची कायमस्वरूपी पोटगी एकरकमी किंवा दरमहा मिळू शकते. परिस्थिती बदलल्यास दरमहाची रक्कम वाढवून मागता येते. परंतु ती कमी करण्याचा अर्ज समोरची व्यक्तीही करू शकते, पुनर्विवाहानंतर ती रद्द होऊ शकते आणि हप्ते थकले की वसुलीसाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते, हा मनस्ताप मला सर्वांत जाचक वाटतो. एकरकमी पोटगीने हे अवलंबित्व संपते, मात्र महागाईचा भार घेणाऱ्यावरच पडतो. देणाऱ्याचे उत्पन्न बेभरवशाचे असेल, तर मी एकरकमीच सुचवेन. मुलांच्या शिक्षणाचा व पालनपोषणाचा खर्च मात्र त्यात न मिसळता कलम 26 खाली स्वतंत्रपणे ठरवून घ्यावा.