हार्डवुडच्या फळ्या: आठ महिन्यांनंतर

सुतारकाम शिकायला घेतलं तेव्हा वखारीतून सागाच्या चार फळ्या आणल्या, निव्वळ रंग आणि रेषा बघून. आज दोन अगदी सरळ आहेत, एक जरा वाकली आहे, आणि चौथीला एवढा पीळ पडला की तिचे तुकडे करून लहान पेट्या बनवाव्या लागल्या. ती फळी गेल्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण चारांत सगळ्यात देखणी तीच होती.

ती ओली होती. त्याच मापाच्या शेजारच्या फळीपेक्षा जड लागत होती, तळहाताला गारही. पण याचा अर्थ तेव्हा कळला नाही. पुढे लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर घेतला, तर आतून 19 टक्के दाखवले! भट्टीत वाळवलेलं लाकूड साधारण 6 ते 8 टक्क्यांवर येतं. उघड्यावर थप्पी लावून वाळवलेलं 12 ते 15 च्या आसपास थांबतं, तेही जाडीच्या दर इंचाला वर्षभर धरावं लागतं. हा मीटर मी रंध्याच्याही आधी घ्यायला हवा होता.

आता फळी उचलली की एक डोळा मिटून कडेवरून टोकापर्यंत नजर टाकतो. लांब फळीतला धनुष्यासारखा वाक फारसा भिववत नाही, आखूड तुकडे पाडले की रंध्याखाली निघून जातो. पीळ मात्र जाडी खातो. सपाट फरशीवर ठेवून कोपरा दाबायचा; तिरक्या रेषेत समोरचा उचलला गेला तर ती फळी परत थप्पीत.

टोकावरची वाढीची वलयंही बघा. ती उभी असतील तर फळी रुंदीत बरीच कमी फुगते-आकसते, आडवी असतील तर जवळपास दुप्पट. टेबलाच्या पृष्ठासाठी मी उभ्या वलयांचीच शोधतो. टोकाच्या चिरा धुळीत दिसत नाहीत, म्हणून घरी आल्यावर पातळशी काप कापून हाताने वाकवतो. चिरेवर कडकन तुटली की आणखी दोन बोटं मागे सरकून पुन्हा कापायचं.

माप घनफुटात असतं, आणि ते रंधा मारण्यापूर्वीचं. एक इंचाची खडबडीत फळी दोन्ही बाजूंनी साफ होईपर्यंत पाऊण इंचाच्या आसपास उरते. गाठी, चिरा, पांढरा भाग जाऊन मला हिशेबापेक्षा 30 टक्के जास्त लाकूड लागलं. पहिल्या टेबलाला कमी पडलं आणि नंतर आणलेल्या फळीचा रंग जुळलाच नाही. एका कामाचं लाकूड एकदमच घ्या, जमल्यास एकाच ओंडक्याचं.

सध्या नव्या पाच फळ्या खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, तीन आठवड्यांपासून पडून आहेत. परवा मीटर 11 वर होता, आजही 11 च, म्हणजे ओलावा स्थिरावला. उद्या कापायला घेतो.