कारखाना चारही भिंतींचा बांधावा, की बॅकड्रॉपला टेकवावा?

मॉडेल रेल्वेचे रूळ टाकून झाले, गाडी बिनतक्रार फिरू लागली, आता साइडिंगच्या, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाच्या, कडेला एक कारखाना हवा. या टप्प्यावर तुम्ही असाल तर पुढे दोन वाटा आहेत. चार भिंती आणि छप्पर असलेलं प्लास्टिकचं किट जोडून मोकळ्यावर उभं करायचं, किंवा मागच्या बॅकड्रॉपला, म्हणजे आकाश रंगवलेल्या पडद्याला, टेकवून तीन-चार सेंटिमीटर खोलीची नुसती दर्शनी बाजू बांधायची, जिला आपण लो-रिलीफ म्हणतो. मी दोन्ही करून पाहिलंय, तेही एकाच फळीवर, एकाच कागद गिरणीसाठी. आधी पहिलं केलं, मग ते उखडून दुसरं. ‘उखडून’ म्हटल्यावर माझा कल लपून राहत नाही, तरी पूर्ण किटची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो. काही लेआउटवर, म्हणजे रूळ-इमारतींच्या मांडणीवर, तेच योग्य ठरेल.

किट जोडण्यातला आनंद मोठा आहे. गुण्या लावून पहिला कोपरा काटकोनात बसला की उरलेली इमारत जवळजवळ आपोआप उभी राहते. कुठूनही बघा, कुठूनही फोटो काढा, ती इमारतच दिसते. तिची सावली खरी पडते. आत दिवा लावला तर चारही बाजूंच्या खिडक्या उजळतात. तुमचा लेआउट दोन्ही बाजूंनी बघता येत असेल, खोलीच्या मधोमध जिभेसारखा आलेला असेल, तर पुढचं सगळं सोडून द्या आणि पूर्ण इमारत बांधा.

माझी फळी मात्र भिंतीला लागून आहे, ४० सेंटिमीटर खोलीची, स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७. अशा फळीवर पहिला झगडा मापाचा होतो. माझ्या किटचा पाया साधारण २२ बाय १५ सेंटिमीटरचा होता. ८७ ने गुणलं तर लांबी भरते जेमतेम ६३ फूट. ४० फुटी बंद डबा आपल्या स्केलमध्ये १४ सेंटिमीटरचा, म्हणजे माझ्या ‘गिरणी’समोर दीड डबा मावायचा. खऱ्या मोठ्या गिरणीत नुसतं कागदाचं यंत्र शंभर मीटरच्या पुढे जातं, एचओमध्ये मीटरभराहून जास्त! तेवढी जागा कुणाकडे नसते, इमारती आटवाव्याच लागतात, ते सगळ्यांना मान्य आहे. पण आटवण्यालाही हद्द असते. माझ्या गिरणीसमोर मातीचा हॉपर (तळातून माल सोडणारा डबा) आणि टँकर शेजारी शेजारी लावले की डबे मोठे आणि कारखाना चहाच्या टपरीएवढा दिसायचा. एवढ्याशा इमारतीला रोज चार वाघिणी माल लागतो कशाला, असं घरातल्या एका अजाण पाहुण्याने विचारलं होतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तरी मापावर मी कदाचित तडजोड केली असती. निर्णय झाला तो दुसऱ्याच एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासामुळे.

मी गिरणी फळीच्या मधोमध ठेवली होती. एक साइडिंग तिच्या पुढून आणि एक मागून, भिंतीच्या बाजूने. कागदावर ही योजना फार देखणी दिसते: गाडी इमारतीआड जाते, पलीकडून बाहेर येते, जागा असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मागच्या साइडिंगवर शंटिंग करणं, डबे जोडणं-सोडवणं-हलवणं, म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं. डब्यांना जोडणारं कपलर जुळलं की नुसतंच टेकलं, दिसत नाही. सोडवायला बांबूची काडी घेऊन हात इमारतीवरून पलीकडे न्यायचा, आणि नेताना बाही छपरावरच्या हवेच्या नळीत अडकणार हे ठरलेलं. नळी मी किती वेळा चिकटवली ते मोजलं नाही, पण शेवटी शेवटी त्या जागी डिंकाचा एक लहानसा डोंगर झाला होता. एखादा डबा रुळावरून उतरला तर कठीणच. चाकं पुन्हा बसवायला डोळे लागतात, आणि डोळ्यांसमोर पंधरा सेंटिमीटर जाडीची गिरणी. महिना-दोन महिन्यांनी लक्षात आलं की मागच्या साइडिंगवर मी डबे न्यायचंच बंद केलं होतं. तीन डबे तिथे धूळ खात उभे, आणि रूळ नुसते शोभेला. ज्या जागेसाठी सांधा कापला, तारा ओढल्या, ती जागा हात पोचत नाही म्हणून वाया गेली.

कुणी म्हणेल, इमारत मागे सरकव. सरकवली. मग पाहिलं तर तिच्या तीन भिंती कुणाला दिसतच नव्हत्या. त्या तीन भिंतींच्या खिडक्या मी रात्र रात्र बसून रंगवल्या होत्या.

तेव्हा दुसरी वाट धरली. नवीन किट आणलं नाही, तेच जपून सोडवलं. चारही भिंती एका ओळीत मांडल्या: २२, १५, २२, १५. एकूण ७४ सेंटिमीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या वर. अचानक पाच डब्यांची लांबी मिळाली, आणि खोली गेली फक्त चार सेंटिमीटर. ज्या फळीवर आधी दोन रूळ दाटीने बसत होते तिथे तिसरा आला, आणि सगळे इमारतीच्या अलीकडे, माझ्या नजरेसमोर.

जोडकाम मात्र सोपं नाही. किटच्या भिंतींच्या कडा कोपऱ्यासाठी तिरक्या कापलेल्या असतात. त्या तशाच शेजारी लावल्या तर मधे खाच पडते. कानशीने कड सरळ करायची आणि वर स्टायरीन प्लास्टिकच्या पट्टीचा खांब चिकटवायचा. दुसरा उपाय आळशी आहे, पण मला तोच आवडतो: सांध्यावरून पावसाच्या पाण्याचा पाइप उतरवायचा. विटांच्या ओळी दोन भिंतींत जुळल्या नाहीत तरी पाइपाआड खपून जातं. आणि एक भिंत थोडी वेगळ्या रंगाची ठेवली, दरजा जरा फिकट भरल्या, तर पाहणाऱ्याला वाटतं कारखाना नंतर वाढवला असेल. खरे कारखाने असेच वाढतात, तुकड्यातुकड्याने.

लांबी मिळाल्याचा खरा फायदा मला दिसण्यापेक्षा चालवण्यात झाला. कागद गिरणी या बाबतीत उदार आहे. लाकूड येतं, कागदाला गुळगुळीतपणा देणारी चिनी माती येते, कधी कोरडी हॉपरमधून तर कधी पाण्यात कालवलेली टँकरमधून, बॉयलरला कोळसा येतो, रसायनं येतात, आणि तयार कागदाच्या गुंडाळ्या बंद डब्यातून बाहेर जातात. ७४ सेंटिमीटरच्या भिंतीवर यातल्या चारांना स्वतंत्र दार देता आलं. टँकर टँकरच्या नळीपाशीच थांबला पाहिजे, कागदाचा डबा माल चढवायच्या धक्क्याच्या दारासमोरच. मधला डबा काढायचा तर आधी पुढचे दोन हलवा, मग ते परत आपापल्या जागी लावा. आधी जे शंटिंग दोन मिनिटांत संपायचं ते आता अर्धा तास पुरतं. धक्क्याची उंची मात्र डब्याच्या तळाशी जुळवून घ्या. एचओत रुळाच्या माथ्यापासून साधारण १३ मिलिमीटर मला बरोबर वाटली. आणि धक्का कायमचा चिकटवण्याआधी सगळ्यात रुंद डबा शेजारून नेऊन पाहा.

आता लो-रिलीफच्या खोडी. सगळ्यात वाईट खोड टोकांची. समोरून रुबाबदार दिसणारी इमारत बाजूने पाहिली की सिनेमाच्या सेटसारखी पातळ. मी एका टोकाला उभी टाकी ठेवली, दुसऱ्या टोकावरून रुळांच्या डोक्यावरून पाइपांचा पूल काढून तो पुढच्या एका छोट्या, चारही भिंतींच्या पंपघराला जोडला. त्या काडेपेटीएवढ्या पंपघरामुळे मागचं सगळं खरं वाटतं. पूर्ण इमारत हवीच असेल तर अशी लहान आणि पुढे असावी, असं माझं मत झालंय.

दुसरी खोड छपराची. लेआउट कमरेच्या उंचीवर असेल तर वरून चार सेंटिमीटरचं छप्पर भिंतीवरच्या फडताळासारखं दिसतं. दर्शनी भिंतीवर कठडा चढवा. छातीपर्यंत उंच लेआउट असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. तिसरी खोड सावलीची: दिवा इमारतीच्या बऱ्यापैकी पुढे नसेल तर धुराड्याची सावली आकाशावर पडते, आणि आकाशावर सावली पडली की खेळ खलास. दिवे पुढे आणल्यावर माझं बरंच निभावलं, पूर्ण नाही.

इमारतींमधल्या गल्लीच्या टोकाला आरसा लावून खोली वाढवायची जुनी युक्ती आहे. अमेरिकन मॉडेल रेल्वेकार जॉन ॲलन यांनी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेमधल्या आपल्या प्रसिद्ध लेआउटवर आरशांचा फार हुशारीने वापर केला होता. मी लावला तेव्हा गल्लीच्या टोकाला माझीच हनुवटी दिसली. काढून टाकला.

जुनेपणा आणायचं काम दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच: खडूच्या भुकटीवर मॅट वार्निशचा फवारा मारला की निम्मी भुकटी दिसेनाशी होते, तेव्हा थोडी जास्तच लावा. आणि त्या वार्निशवर अल्कोहोलमधली शाई फिरवलीत तर पांढरट बुरशीसारखा थर येऊ शकतो. माझ्या बॉयलरघरावर तो आला, आणि राख उडाल्यासारखा दिसतो म्हणून मी तसाच ठेवला.

हे सगळं एका फळीवरचं, एका माणसाचं. तुमचा हात लांब असेल, बाही आखूड असेल, तर मधोमध उभी इमारत तुम्हाला त्रास देणारही नाही. पण ठरवायच्या आधी एक करा. किटच्या भिंती डिंक न लावता कागदी चिकटपट्टीने जोडून इमारत जागेवर उभी करा, आणि आठ-दहा दिवस तशीच ठेवून रोजचं शंटिंग करा. मग त्याच भिंती सोडवून एका ओळीत बॅकड्रॉपला टेकवा आणि तेच शंटिंग पुन्हा करा. पहिल्या आठवड्यात इमारत किती वेळा कोसळते तेवढं बघा.