रिव्हर्स लाईट लागत नाहीये: ओरिजिनल स्विच, डॅशवर टॉगल की सरळ एलईडी?

जुन्या गाडीचा रिव्हर्स लाईट बंद पडला की ज्याला विचाराल तो वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं गिअरबॉक्सवरचा (रिव्हर्स टाकला की लाईटला सप्लाय देणारा) स्विच बदल, कुणी म्हणतं एवढी कटकट कशाला, डॅशबोर्डवर एक टॉगल बटण लाव आणि हवा तेव्हा पेटव, आणि तिसरा म्हणतो एलईडी टाक, विषय संपला. पण सप्लाय नेमका कुठे अडकलाय हे न बघता यातलं काहीही आणलं तर पैसे जातात आणि लाईट तसाच राहतो. अंधारात मागे कोण उभंय हे आपल्याला दिसणं आणि आपण मागे येतोय हे त्याला कळणं, दोन्ही याच बल्बवर आहे, त्यामुळे थोडा वेळ द्या याला.

आधी बघा दोन्ही बाजूचे गेलेत का एकच. एकच गेला असेल तर मेन फ्यूज आणि स्विच ठीक आहेत हे तिथेच ठरलं, कारण दोघांनाही सप्लाय तिथूनच येतो, मग उरतो बल्ब, होल्डर, अर्थिंग (बल्बची मायनसची बाजू जिथे गाडीच्या बॉडीला जोडलेली असते ते) नाहीतर त्या बाजूची वायर. (बऱ्याच गाड्यांत कंपनीतूनच एका बाजूला रिव्हर्स आणि दुसऱ्या बाजूला फॉग लाईट असतो, तिथे दुसरा शोधत बसू नका.) बल्ब नुसता डोळ्याने बघून चांगला ठरवू नका, सरळ बॅटरीला लावून बघा. होल्डरमध्ये हिरवा थर चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, प्लास्टिक वितळलं असेल तर मात्र होल्डरच बदला. रिव्हर्स मिणमिणता लागतो किंवा ब्रेक दाबला की तोही थोडा पेटतो असं असेल तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यायचा.

दोन्ही गेले असतील तर फ्यूज. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच फ्यूजवर इंडिकेटर किंवा वायपर किंवा मीटर पण असतात, तेही बंद असतील तर उत्तर मिळालं. नवा फ्यूज रिव्हर्स टाकल्या टाकल्या उडतोय तर स्विचपासून बल्बपर्यंतच्या वायरीत कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे मोठा फ्यूज घालायचा विचार पण करू नका, वायर जळेल. आणि मागाहून लावलेला कॅमेरा किंवा सेन्सर रिव्हर्सच्याच वायरीवर असेल आणि तो चालू होतोय पण लाईट लागत नाहीत, तर स्विच बहुतेक ठीक आहे, जिथे ती वायर सोलून जोडलीय तो सांधा आधी उघडून बघा.

आता टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा बल्ब) का मल्टिमीटर? दोन्ही असावेत पण वायर तपासायला माझा विश्वास टेस्ट लॅम्पवर जास्त आहे. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे वायरीतला एकच धागा शाबूत असला तरी तो आरामात १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. २१ वॅटचा बल्ब मागतो साधारण १.७५ अँपिअर, तो करंट ती वायर देते का हे बल्ब लावूनच कळतं. अर्थिंगला मात्र मीटरच चांगला: लाईट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या अर्थला, ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ घासून साफ करा. कॉम्प्युटरवाल्या गाडीत टेस्ट लॅम्प कुठेही टोचू नका, तिथे मीटरच वापरा.

स्विच बघायचा तर इंजिन बंद, इग्निशन ऑन, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावलेली. मॅन्युअल गिअरबॉक्सवरच्या त्या दोन वायरींच्या स्विचचा कनेक्टर काढा आणि दोन पिना वायरीने जोडा. लाईट लागले तर वायरिंग आणि बल्ब चांगले, दोष स्विचचा नाहीतर गिअर लिंकेजचा (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या दांड्यांचा). नाही लागले तर नवा स्विच आणून काही होणार नाही. लिव्हर जरा जास्त दाबून धरल्यावर लाईट लागत असेल तर लिंकेजचा बुश झिजलेला असू शकतो, म्हणून जुना स्विच काढलाच तर त्याची पिन बोटाने दाबून मीटरवर कंटिन्युइटी (दोन पिना आतून जुळतात का) बघा आणि मगच नवा घ्या. ऑटोमॅटिकमध्ये हे काम इन्हिबिटर स्विच करतो, त्याला पिना जास्त असतात, तिथे सर्किट डायग्राम असल्याशिवाय काही जोडू नका.

मग ओरिजिनल स्विच का टॉगल? ओरिजिनलचा त्रास म्हणजे गाडीखाली जावं लागतं (नुसत्या जॅकवर अजिबात नाही, स्टँड लावा) आणि काही गिअरबॉक्सला स्विच काढला की ऑइल सांडतं, नवं वॉशर लागतं, तेही जुन्याच जाडीचं, कारण जाड घातलं तर पिन आतपर्यंत पोचतच नाही. पण एकदा बसला की विसरून जा, रिव्हर्स टाकला की लाईट, काढला की बंद. टॉगल बसवायला सोपं दिसतं आणि नंतर त्रास देतं, चालू राहिलं तर रात्री मागच्याच्या डोळ्यावर पांढरा झोत आणि त्याला वाटतं तुम्ही मागे येताय. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांच्या दिव्यांचा नियम क्रमांक ४८ सुद्धा हेच सांगतो की हा दिवा रिव्हर्स गिअर पडलेला असतानाच लागला पाहिजे, आणि ज्या देशांत तो लागू आहे तिथे तपासणीत असं बटण अडचणीत आणू शकतं. दोन बल्बचे मिळून साडेतीन अँपिअर स्वस्तातल्या बटणातून गेले की ते गरम होतं ते वेगळंच.

स्विच मिळतच नसेल तरी मी टॉगलच्या आधी गिअर लिव्हरच्या लिंकेजपाशी मायक्रोस्विच बसवीन, लिव्हर रिव्हर्सला गेला की दाबला जाईल असा, आणि त्यावर रिले (थोड्या करंटवर जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच). रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून दिवे, ८५ आणि ८६ कॉइलला, आणि कॉइलचा सप्लाय इग्निशनवरून, त्या मायक्रोस्विचमधून. गाडीला मुळात रिव्हर्स लाईटच नव्हता तरी हेच करता येतं.

एलईडीचं म्हणाल तर तो दुरुस्ती नाही, अपग्रेड आहे. करंट कमी घेतो, जुन्या स्विचवर लोड कमी पडतो, हे फायदे खरे आहेत. पण कमी करंटमुळेच तो खराब सांध्यावरही पेटतो आणि खरा दोष झाकला जातो, शिवाय जुना रिफ्लेक्टर फिलामेंटच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्यात स्वस्त एलईडी घातला तर बल्ब झगझगीत दिसतो आणि जमिनीवर उजेड कमीच. म्हणून वायरिंग साध्या बल्बवर नीट चालू करा, नंतर हवा तर एलईडी टाका, आणि नाही लागला तर उलटा फिरवून बघा, काहींना प्लस मायनस असतं.

या सगळ्यातून काहीच सापडलं नाही आणि दिवे डिकीच्या झाकणावर असतील तर बिजागरीपाशी जो रबरी पाईप असतो तो सरकवून बघा. झाकण उघडून मिटून आतली वायर तुटते आणि वरचं कव्हर अखंड दिसतं, हलकेच ओढली की कळतं. तिथे टेप गुंडाळू नका, लवचिक वायरीचा नवा तुकडा सोल्डर करा, सांधे वळणाच्या जागेपासून लांब घ्या आणि वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा.