युनिसायकलच्या बॅटरीची दुरुस्ती: बुधवार पेठेतील अनुभव
माझ्या इलेक्ट्रिक युनिसायकलची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एकचाकी वाहनाची, ६७.२ व्होल्टची बॅटरी चढावर मान टाकू लागली, तेव्हा मी ती पुण्याच्या बुधवार पेठेतील एका छोट्या दुकानात नेली. नवा पॅक माथी मारण्याऐवजी कारागिरांनी आवरण उघडून सेलच्या सोळाही गटांचे व्होल्टेज माझ्यासमोर मोजले; १५ गट ४.१ व्होल्टच्या आसपास होते, एकच ३.२ वर अडकला होता. जुन्या सेलमध्ये एकच नवा गट बसवल्यास गटांमधला समतोल पुन्हा बिघडतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितल्यामुळे मी सगळेच सेल बदलून घेतले. सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या सोल्डरिंगऐवजी स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे सेल फार तापू न देता विजेच्या क्षणिक झटक्याने, जोडल्या, हे मला विशेष आवडले. या वाहनाचा तोल मोटरच सांभाळते आणि वीज तुटली की स्वार तोंडावर आपटतो, म्हणून लागलेले दहा दिवस मला जास्त वाटले नाहीत. बिलावर सेलची कंपनी मात्र लिहायला हवी होती.