व्हॉइस मेसेज की ईमेल?

ऐरोलीच्या आयटी कंपनीत नुकत्याच लागलेल्या भाचीचा प्रश्न: साहेबांना कामाचं व्हॉइस मेसेजने कळवू की ईमेलने?

पाठवणाऱ्याला व्हॉइस सोपा. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने टाइप करण्यापेक्षा बोलणं बरं. वेळ जातो तो ऐकणाऱ्याचा. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२१ पासून दुप्पट वेगाने ऐकता येतं, तरी तीन मिनिटांच्या बोलण्यात तारीख नेमकी कुठे होती, हे शोधायला पुन्हा सगळं ऐकावं लागतं. मीटिंगमध्ये बसलेला माणूस ईमेलवर नजर टाकू शकतो. कानाला फोन लावू शकत नाही.

नोंदीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रक्कम, मुदत, मंजुरी ईमेलवरच हवी. विषयावरून सापडते, सीसीत सगळे असतात, फोन बदलला तरी जात नाही.

सूर मात्र आवाजातच पोचतो. कुणाची चूक दाखवताना लेखी वाक्य उगाच रागावल्यासारखं वाटतं.

म्हणून रोजच्या टीममधल्या कुणाला काही समजवायचं असेल, तर मिनिटाच्या आतला व्हॉइस. क्लायंट, एचआर, अकाउंट्स यांना ईमेलच. साहेबांना घाईत व्हॉइस पाठवलास, तरी आकडे त्याच दिवशी मेलवर टाक.