४५० वॅटचे लेबल आणि १९२ वॅटचा एसएमपीएस

दोन महिने हे लिहायची लाज वाटत होती. इतरांच्या हिशेबातल्या चुका काढणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला एसएमपीएसच्या (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) लेबलवरचे दोन आकडे गुणून पाहण्याची बुद्धी झाली नाही, हे चारचौघांत सांगणे सोपे नसते.

माझा डेस्कटॉप १३ वर्षांचा आहे. त्यातला ३०० वॅटचा मूळ एसएमपीएस तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला चालू होऊ लागला होता. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, फुगले असणार, एवढे मला कळत होते. बाकी सर्व भाग धडधाकट असताना केवळ त्यापायी संगणक मोडीत काढणे पटेना. ऑनलाइन शोधताना ४५० वॅटचा, ‘८० प्लस’चा (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राचा) शिक्का असलेला एसएमपीएस नामांकित मालाच्या निम्म्या किमतीत दिसला आणि जुना परत दिल्यास आणखी सूट होती. स्वस्ताला भुललो असे कोणी म्हणेल, तर म्हणो. १३ वर्षांच्या यंत्रावर नव्या यंत्राइतका खर्च कोणीही शहाणा माणूस करत नाही आणि असे विक्रेते नेमके हेच हेरून बसलेले असतात.

माल घेऊन आलेल्या माणसासमोर मी एका हातात जुना आणि दुसऱ्या हातात नवा एसएमपीएस धरून उभा होतो. नवा इतका हलका होता की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. नंतर वजन केले तेव्हा तो ८१५ ग्रॅम भरला. जुना त्याच्या दीडपट तरी होता. ३०० वॅटचा जड आणि ४५० वॅटचा हलका कसा, हा प्रश्न मनात आला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण ‘आता तंत्रज्ञान सुधारले असेल’ असे उत्तर मीच मला दिले आणि जुना त्या माणसाच्या पिशवीत टाकला. तो क्षण आजही डोक्यातून जात नाही.

वजन सोडा, लेबल तर समोरच होते. ‘४५०’ हा आकडा ठळक लाल अक्षरांत आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांतला तक्ता: १२ व्होल्टला १६ अँपिअर, ५ व्होल्टला २२, ३.३ व्होल्टला २०. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा मुख्य भार १२ व्होल्टच्या ओळीवर असतो आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, तेव्हा १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. तिन्ही ओळींची बेरीज केली तरी ३६८ च होते, आणि तेवढी शक्ती एकाच वेळी मिळते असेही नाही. म्हणजे लेबलवरचे खोटे लेबलनेच कबूल केले होते. खरेदीपूर्वी या तक्त्याचे स्पष्ट छायाचित्र मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

मागच्या बाजूला ११५/२३० असे लिहिलेले, येणाऱ्या विजेचा दाब निवडण्याचे लाल बटणही होते. ‘८० प्लस’ म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के भाराला किमान ८० टक्के कार्यक्षमता; त्याबरोबर चांगल्या पॉवर फॅक्टरचीही (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या प्रमाणाचीही) अट असते, आणि ती पाळणाऱ्या एसएमपीएसमध्ये असे बटण सहसा नसतेच, कारण तो येणारा दाब स्वतःच ओळखतो. प्रमाणित मॉडेलांची यादी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. मी ती पाहिली, पण सारे संपल्यावर. आमचे मॉडेल तीत नव्हते.

बसवल्यावर चार दिवस बरे गेले. मग व्हिडिओ पाहताना संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) १२ व्होल्टच्या जागी ११.२ दिसत होते. मर्यादा पाच टक्क्यांची, म्हणजे आकडा ११.४ च्या खाली दिसताच मी यंत्र वापरणे थांबवायला हवे होते. मी विक्रेत्याला विचारले. त्याने हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरवून दाखवणारा व्हिडिओ पाठवला आणि ‘तुमचा मदरबोर्ड जुना आहे’ असे कळवले. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस सुरू होतो एवढेच सिद्ध होते, भार पेलतो हे नव्हे. या उत्तर-प्रत्युत्तरांत परतीची सात दिवसांची मुदत उलटली आणि ११ व्या दिवशी फटकन आवाज होऊन करपल्याचा वास आला. एसएमपीएससोबत मदरबोर्डही गेला. हार्ड डिस्क वाचली, हे नशीब.

यानंतरचा मनस्ताप वेगळाच. विक्रेत्याने आतल्या भागाची छायाचित्रे मागितली. पण सील फोडल्यास वॉरंटी रद्द, हेही त्याच्याच अटींत लिहिलेले. संकेतस्थळाच्या मदत विभागात नऊ वेळा तक्रार नोंदवली आणि नऊ वेळा ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढेच ऐकले. पोलिसांनी अर्ज वाचला, रक्कम पाहिली, ‘एवढ्यासाठी?’ असे विचारले आणि ही दिवाणी बाब असल्याचे सांगून अर्ज परत सरकवला. ग्राहक तक्रार कक्षाने तज्ज्ञाचा दाखला मागितला. तो मिळवण्यासाठी तंत्रज्ञाकडून एसएमपीएस उघडून घेतला, तेव्हा इनपुट फिल्टरच्या, म्हणजे येणारी वीज गाळून घेणाऱ्या भागांच्या, जागा रिकाम्या आणि तिथे नुसते तारेचे तुकडे डकवलेले आढळले. (हा उद्योग स्वतः करू नका, वीज काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.) दाखला घेऊन गेलो, तर आता सील फुटले असल्याने वस्तू ‘मूळ स्थितीत नाही’ असा शेरा मिळाला. शिवाय बिलावर ‘संगणकाचा सुटा भाग, नग १’ एवढेच होते. वॅटचा उल्लेखच नसेल तर ४५० चे वचन दिले कोणी, असे तिथल्या बाईंनी मला विचारले. बिलावर मॉडेल आणि वॅट लिहून घ्या, आणि ते जमत नसेल तर पैसे देऊ नका.

एक गोष्ट राहिली. कॅबिनेटमध्ये बसवताना वरची बाजू कळावी म्हणून माझ्या जुन्या एसएमपीएसच्या पंख्याच्या जाळीवर, कोपऱ्यात, मी निळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. असा ठिपका असलेला ‘नवा’ ४५० वॅटचा एसएमपीएस कोणाच्या हाती पडला, तर तो ३०० वॅटचा आहे आणि त्याचे कपॅसिटर फुगलेले आहेत.