फ्रिओचं पाकीट: डेथ व्हॅलीच्या उन्हात इन्सुलिन सांभाळताना

वाळवंटात सायकल चालवायची आहे आणि सोबत इन्सुलिन न्यायचं आहे, तर फ्रिओचं पाकीट, म्हणजे पाण्यात भिजवून इन्सुलिन थंड ठेवायचं पाकीट, डोळे मिटून घ्या. अलिबागला किंवा मुंबईला मे महिन्यात वापरायचं असेल, तर आधी हे पूर्ण वाचा.

मला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह आहे. मूळची नागपूरची, आता सॅन होजेला राहते. इन्सुलिनचा पंप लावत नाही. इन्सुलिन टोचायची दोन पेनं वापरते, एक दिवसभर पुरणारं आणि एक जेवणाआधी घ्यायचं. टाइप १ च्या संशोधनासाठी निधी जमवणारी सायकल राइड ऑक्टोबरात डेथ व्हॅलीत, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात व्हायची, तिच्यासाठी मी नाव नोंदवलं तेव्हा हे पाकीट विकत घेतलं. राइड भरवणाऱ्या संस्थेचं नाव तेव्हा जेडीआरएफ होतं. २०२४ पासून तिचं नाव ब्रेकथ्रू टी१डी आहे. १९७० साली टाइप १ झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी ती सुरू केली.

अडचण अशी की न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहतं, आणि वापरायला काढलेलं पेन ३० अंशांच्या खाली ठेवलं तर साधारण २८ दिवस चालतं. त्याहून जास्त तापलं की त्याची ताकद कमी होत जाते, आणि ते बघून कळत नाही. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ असतं. टोचून घेतल्यावर दोन तासांनी शुगर खाली यायच्या ऐवजी वर जाते, तेव्हा कळतं. मैलोन् मैल घर नाही अशा रस्त्यावर ही वेळ कुणावर येऊ नये. बर्फाच्या पिशवीत ठेवावं तर गोठायची भीती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

फ्रिओचं पाकीट कापडी आहे. आतल्या भागात शिवलेल्या खणांत बारीक स्फटिक असतात. थंड पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवलं की ते पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची जेल होते. बाहेरून नीट पुसायचं, वरच्या कव्हरात सरकवायचं, पेनं आत ठेवायची. बर्फ लागत नाही, बॅटरी लागत नाही. जेलमधलं पाणी हळूहळू उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ३७.८ अंशांच्या सततच्या गरमीतही किमान ४५ तास आतलं तापमान १८ ते २६ अंशांत राहतं, असा कंपनीचा दावा आहे.

विदर्भातल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत आई माझी इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून, ओली वाळू भरलेल्या मडक्यात ठेवायची. मे महिन्यात आठ-आठ तास लाइट नसायची आणि फ्रिजपेक्षा त्या मडक्याचा भरवसा जास्त होता. फ्रिओचं तत्त्व तेच आहे, फक्त ते सायकलला बांधता येतं.

राइड डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकहून निघायची. जगातलं आजवरचं सर्वाधिक अधिकृत तापमान, ५६.७ अंश सेल्सिअस, १० जुलै १९१३ रोजी इथेच नोंदलं गेलं. ऑक्टोबर त्या मानानं सुसह्य. पहाटे अंगात पातळ जॅकेट लागतं आणि दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास जातो. लांबचा मार्ग १०५ मैलांचा, म्हणजे साधारण १६९ किलोमीटर. बॅडवॉटरवरून दक्षिणेकडे ज्युबिली पास या खिंडीपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. बॅडवॉटर समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. एका बाजूला मिठाचं पांढरं मैदान, दुसऱ्या बाजूला उघडा डोंगर, आणि सावली म्हणाल तर फक्त संस्थेनं थांब्यांवर उभारलेल्या तंबूंची. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, जर्सीवर मिठाच्या रेघा उमटल्या की समजायचं. आणि हीच कोरडी हवा पाकिटाला मानवते.

मी दोन पेनांच्या मध्ये छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवला होता. दुपारी थांब्यावरच्या सावलीत ३६ अंश असताना पाकिटात २१ होते. मला एवढी अपेक्षा नव्हती. पुढच्या थांब्यावर पुन्हा पाहिलं, तर २२. सकाळी एकदा भिजवलेलं पाकीट संध्याकाळपर्यंत पुरलं, पुन्हा पाण्यात घालावं लागलं नाही. त्या दिवशी घेतलेला प्रत्येक डोस जसा लागू पडायला हवा तसा पडला.

ते कुठे बांधायचं याला मात्र फार महत्त्व आहे. जर्सीच्या मागच्या खिशात ठेवू नका. तिथे अंगाची गरमी लागते आणि हवा लागत नाही. सीटखालच्या बंद बॅगेत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलंत तर पाणी उडणारच नाही, म्हणजे पाकीट असून नसल्यासारखं. मी हॅण्डलबारला जाळीची पिशवी लावून त्यात ठेवलं आणि वरून पांढरा रुमाल बांधला, म्हणजे थेट ऊन नको. सायकल चालत असली की वारा आपोआप लागतो.

हेही सांगते, की एवढ्या लांबच्या राइडमध्ये शुगर वाढण्यापेक्षा उतरण्याचा धोका मोठा असतो. व्यायामानं इन्सुलिन जास्त परिणाम करतं, आणि उन्हानं तापलेल्या अंगात ते शोषलंही लवकर जातं. त्यामुळे डोस किती कमी करायचा हे महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवलं होतं आणि ग्लुकोजच्या गोळ्या वेगळ्या, हाताशी येतील अशा ठेवल्या होत्या. थांब्यांवर मला जे पाहायला मिळालं ते इतर कुठल्या राइडला मिळालेलं नाही. कुणाचा शुगर मोजणारा सेन्सर वाजला की चार जण आपापला फोन बघायचे. कुणी सायकल टेकवून पोटात सुई घेतली तर कुणाचे डोळे वळत नव्हते. साठीतले एक गृहस्थ मुलीसाठी चालवत होते, आणि मुलगी त्यांच्या पुढे होती.

निधी जमवण्याबद्दल थोडं. या राइडला प्रत्येकानं ठराविक किमान रक्कम जमवायची असायची. नातेवाइकांना पाठवलेल्या मेलमध्ये मी मराठीत लिहिलं की टाइप १ गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. ‘लहानपणी फार गोड खायचीस का गं?’ हे ऐकत मी मोठी झाले आहे. तो मेल वाचून एका मावशीनं पैसे पाठवले आणि फोन करून म्हणाली, ‘एवढी वर्षं मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.’ जमलेल्या पैशांतल्या त्या रकमेचं मला सगळ्यात जास्त मोल आहे.

आता दुसरी बाजू. सासर अलिबागचं. तिथे मे महिन्यात हेच पाकीट, हाच थर्मामीटर वापरून पाहिला. बाहेर ३३ अंश आणि हवेत ७० टक्के दमटपणा असेल, तर ओली वस्तू फार तर २८ अंशांपर्यंत थंड होते. हवेत आधीच पाणी असल्यामुळे उडायला वाव नसतो. माझ्या पाकिटात २९ दाखवत होतं. म्हणजे ३० च्या मर्यादेत, पण जेमतेम. शिवाय ते वाळत नाही, पेनावरचं लेबल भिजून सुटतं आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. अलिबागला मी इन्सुलिन सरळ फ्रिजमध्ये ठेवते. नागपूरला उलट. ४४ अंशांच्या कोरड्या उन्हात आत २६-२७ मिळाले. चंद्रपूर, अकोला, मराठवाड्यातले लोक एसटीच्या प्रवासाला हे बिनधास्त वापरू शकतील.

एक सावधगिरी. अशाच दिसणाऱ्या स्वस्त नकला ऑनलाइन मिळतात. मी आईसाठी तसं एक मागवलं होतं, त्याची शिवण दुसऱ्यांदा भिजवतानाच उसवली आणि जेल पेनाच्या टोपणात शिरली. इन्सुलिनच्या बाबतीत तिथे पैसे वाचवू नये.

घेताना आपल्या पेनाची लांबी मोजून, टोपणासकट मावेल असाच आकार निवडा. भिजवताना लेबलवर लिहिल्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवू नका, फार फुगलं तर पेन आत सरकत नाही. आणि वापर संपल्यावर सावलीत टांगून पूर्ण वाळू द्या. स्फटिक पुन्हा मिठासारखे कडक लागले की मगच कपाटात ठेवा. डेथ व्हॅलीहून आल्यावर याला माझ्या घरी आठवडा लागला, अलिबागला पावसाळ्याआधी ते वाळलंच नाही.